आनुवंशिक सूज: आजार जुना, ओळख उशिराची

ओठ, पापणी किंवा हात एकाएकी सुजतो. खाज नाही, गांधी नाहीत, आणि दोन-चार दिवसांत सूज आपोआप उतरते. आपल्याकडे ‘पित्त उठलं असेल’ म्हणून ती सोडून दिली जाते. आनुवंशिक अँजिओएडेमा हा आजार अशाच गैरसमजात वर्षानुवर्षं लपून राहतो.

अशा सुजेचं सविस्तर वर्णन जर्मन डॉक्टर हाइनरिख क्विंके यांनी 1882 मध्ये केलं. तेव्हा दोष मज्जातंतूंना दिला गेला. 1888 मध्ये विल्यम ऑस्लर यांनी एकाच कुटुंबाच्या पाच पिढ्यांत ही सूज दाखवून दिली. घशाला सूज येऊन त्या घरातली माणसं दगावलीही होती. आनुवंशिकतेचे मेंडेलचे नियम जगापुढे पुन्हा यायला अजून बारा वर्षं होती. रोग्यासोबत त्याच्या नातेवाइकांचीही चौकशी केल्यामुळेच हे उमगलं, आणि मला ऑस्लर यांचं खरं मोठेपण यातच दिसतं.

कारण सापडायला मात्र 1963 उजाडलं. व्हर्जिनिया डोनाल्डसन आणि रिचर्ड इव्हान्स यांना या रोग्यांच्या रक्तात सी-1 इनहिबिटर हे प्रथिन कमी आढळलं. काहींमध्ये ते पुरेसं असतं, पण कामाचं नसतं, हे दोन वर्षांनी कळलं. या प्रथिनाचा धाक नसला की ब्रॅडिकायनिन हे रसायन शरीरात बेसुमार तयार होतं, बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात आणि ऊतींत पाणी साचतं. इथे ॲलर्जीत सूज आणणाऱ्या हिस्टामिनचा संबंध नसल्यामुळे ॲलर्जीच्या गोळ्या, स्टेरॉइड, ॲड्रेनलिन यांचा उपयोग होत नाही. घसा सुजलेल्या रोग्याच्या बाबतीत हे माहीत नसणं जिवावर बेतू शकतं.

सूज आतड्यांना आली तर पोटात असह्य कळा येतात, उलट्या होतात. अपेंडिक्स समजून पोट उघडलं आणि आत काहीच सापडलं नाही, असं कित्येकांच्या बाबतीत घडलं आहे. खरं तर संशय आल्यावर पहिली पायरी साधी आहे: रक्तातलं सी-4 हे प्रथिन तपासणं. ते कमी आलं की पुढे सी-1 इनहिबिटरचं प्रमाण आणि कार्य पाहतात. पुढे 2000 च्या सुमारास मात्र सी-1 इनहिबिटर अगदी नॉर्मल असलेली कुटुंबंही समोर आली, तेव्हा या चाचण्यांची मर्यादाही कळली.

आई किंवा वडिलांना आजार असेल तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता 50 टक्के. तरी सुमारे चौथाई रोग्यांत जनुकातला बदल नव्यानेच झालेला असतो. म्हणून ‘घरात कुणालाच नाही’ एवढ्यावर निदान बाजूला सारता येत नाही.