गॅलरीतल्या व्हिडिओला लघुपट म्हणू नका

ओळख, स्थलांतर, स्त्रीदेह असे विषय घेणारी समकालीन कलेची प्रदर्शनं हल्ली कापडातल्या कलाकृती आणि व्हिडिओ यांच्याशिवाय उभी राहत नाहीत. कापडापाशी कुणी अडत नाही. व्हिडिओच्या अंधाऱ्या दालनात मात्र माणसं दारातच थबकतात, "अरे, अर्धं होऊन गेलं वाटतं" म्हणतात आणि मागे फिरतात. पुढे कुणीतरी परीक्षणात लिहितं, 'प्रदर्शनात काही लघुपटही पाहायला मिळतात'. अहो, ते लघुपट नसतात. व्हिडिओ इन्स्टॉलेशन, म्हणजे अख्ख्या दालनासकट मांडलेली व्हिडिओ कलाकृती, ही वेगळी चीज आहे.

सिनेमा म्हणजे काय हे सांगत बसत नाही. तिकीट, खुर्ची, अंधार, सुरुवात, मध्यंतर, शेवट, सगळ्यांना पाठ आहे.

दोहोंतले फरक म्हणून जे सांगितलं जातं, त्यातलं बरंचसं बिनकामाचं. लांबी? दोन्हीकडे पाच मिनिटंही चालतात आणि पाच तासही. कथा? कथा सांगणारी इन्स्टॉलेशन्स आहेत, कथेला फाटा देणारे सिनेमेही आहेत. 'सिनेमा कळतो, ते दुसरं डोक्यावरून जातं' हा फरक नव्हे, ती तक्रार झाली.

खरी गोम आहे ती बघणाऱ्याच्या शरीरात. सिनेमा तुम्हाला खुर्चीत बसवतो आणि आपल्याला शरीर आहे हेच विसरायला लावतो. कुठे बघायचं, किती वेळ बघायचं, सगळं दिग्दर्शक ठरवतो. इन्स्टॉलेशनमध्ये तुम्ही उभे असता, फिरता, हवं तेव्हा येता-जाता. पडदे किती, कोणत्या भिंतीवर, आवाज कुठून येतो, तुमची पाठ कुठे होते, हा सगळा कलाकृतीचाच भाग असतो.

मूळच्या इराणी कलाकार शिरीन नेशात यांचं १९९८चं 'टर्ब्युलंट' हे इन्स्टॉलेशन घ्या. समोरासमोरच्या दोन भिंतींवर दोन कृष्णधवल पडदे. एकावर पांढऱ्या शर्टातला गायक आपल्याकडे तोंड करून गातो. त्याच्या मागे पुरुषांनी भरलेलं सभागृह. दुसऱ्यावर काळ्या चादोरमधली (डोक्यापासून पायापर्यंतच्या इराणी वस्त्रातली) स्त्री पाठमोरी, तिच्यापुढे रिकाम्या खुर्च्या. त्याचं गाणं संपतं, टाळ्या पडतात. मग ती गाऊ लागते, शब्दांविना, नुसत्या आवाजात, आणि समोरच्या भिंतीवरचे पुरुष स्तब्ध होऊन बघत राहतात. १९७९च्या क्रांतीनंतर इराणमध्ये स्त्रियांना पुरुष श्रोत्यांसमोर एकटीने गायला बंदी आहे, हे ठाऊक असलं तर अर्थ लगेच लागतो. पण ठाऊक नसलं तरी शरीराला काहीतरी कळतंच. कारण तुम्ही दोघांच्या मधोमध उभे असता आणि दोन्ही पडदे एकदम दिसत नाहीत. एकाकडे बघायचं तर दुसऱ्याकडे पाठ करावी लागते, आणि ती कुणाकडे करायची हे तुम्हीच ठरवता. हेच दोन पडदे लॅपटॉपवर शेजारीशेजारी लावून पाहा. चित्र तेच, गाणं तेच, कलाकृती मात्र गायब. सिनेमा लॅपटॉपवर लहान होतो, पण उरतो तरी.

यावर एक हुशार आक्षेप येतो: कलाकार क्रिश्चन मार्क्ले यांच्या 'द क्लॉक' या व्हिडिओ कलाकृतीमध्ये (२०१०) तर एकच पडदा आहे, बसायला सोफे आहेत, वर जवळजवळ सगळं काम सिनेमांतल्याच, वेळ दाखवणाऱ्या तुकड्यांचं. मग तो सिनेमा का नाही? कारण ते २४ तास चालतं आणि पडद्यावरच्या घड्याळात वाजलेले असतात तेवढेच तुमच्या मनगटावरही वाजलेले असतात. चार वाजून दहा मिनिटांनी आत गेलात, तर पडद्यावर चार दहाच. सुरुवात चुकली असं तिथे होऊच शकत नाही.

गोंधळाला प्रेक्षकच जबाबदार आहेत असंही नाही. दीड तासाचा माहितीपट लूपवर (संपला की पुन्हा पहिल्यापासून) टाकायचा, समोर बिनपाठीचा बाक आणि एकच हेडफोन ठेवायचा, हा क्युरेटरांचा, म्हणजे प्रदर्शन मांडणाऱ्यांचा, आवडता उद्योग मला अजिबात सहन होत नाही. तो सिनेमाच आहे. त्याला खुर्च्या द्या, खेळाच्या वेळा द्या. (आणि कापड नि व्हिडिओ एका दालनात दिसले की दरवेळी गहन अर्थ शोधू नका. जुन्या कापडाचा रंग उडू नये म्हणून त्यावर साधारण ५० लक्सच (लक्स हे प्रकाशाचं माप), म्हणजे मंद प्रकाश ठेवतात, व्हिडिओलाही अंधारच लागतो आणि जाड कापड आवाजाचा घुमारा शोषून घेतं. पुष्कळदा कारण एवढंच असतं.)

तेव्हा आत शिरण्याआधी पाटी वाचा. एकच चॅनल (म्हणजे एकच चित्रप्रवाह) आणि खेळाच्या वेळा लिहिल्या असतील, तर वेळेवर जाऊन सिनेमासारखं बसा. 'दोन चॅनल, लूप' असं काही असेल, तर कुठूनही सुरू करा, पण दारातून बघू नका. डोळे अंधाराला सरावले की मधोमध जा, मागे वळून बघा, आवाज कोणत्या कोपऱ्यातून येतोय ते शोधा. मघाचंच दृश्य पुन्हा आलं की एक फेरी झाली. मग खुशाल बाहेर पडा.