दोन नॉब, एक खळगा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आता घरच्या मागच्या खोलीतही ख्यालाचं रेकॉर्डिंग होतं. गायकापुढे एक माइक, तबल्यावर एक, बाकी काम लॅपटॉपचं. मिक्सिंगला बसलं की डग्ग्याचा घुमारा आणि पुरुषी आवाजाचा खालचा भाग एकमेकांत मिसळून गढूळ होतात. त्यावर हमखास उघडलं जाणारं प्लगइन (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) म्हणजे पडद्यावर दिसणारा निळसर डबा: पुल्टेक ईक्यूपी-१ए, आवाजाच्या खालच्या-वरच्या पट्ट्या कमी-जास्त करणाऱ्या जुन्या इक्वलायझरची नक्कल.

मूळ पुल्टेक यूजीन शेंक आणि ऑली समरलिन यांनी १९५०च्या दशकात अमेरिकेत, न्यू जर्सीत बनवला. आतलं कॉइल-कपॅसिटरचं जाळं आवाज वाढवत नाही, नुसता खातं. सुमारे १६ डेसिबलची ती तूट पुढचे व्हॉल्व्ह (आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या) भरून काढतात.

खरी गंमत खालच्या पट्टीत आहे. तिथे वाढवायचा नॉब वेगळा, घटवायचा वेगळा. दोन्ही एकदम फिरवले तर हिशेब शून्य व्हायला हवा, पण दोघांच्या वक्ररेषा (कुठल्या हर्ट्झला किती वाढ किंवा घट, याचे आलेख) एकमेकींवर नेमक्या बसत नाहीत. ६० हर्ट्झवर दोन्ही चढवले की तळ उचलला जातो आणि वर, दोनशे-तीनशे हर्ट्झच्या आसपास, खळगा पडतो. काळी एकच्या तानपुऱ्याचा खर्ज असतो ६९ हर्ट्झच्या जवळ. त्याला उठाव मिळतो, गढूळपणा खळग्यात जातो.

ही वक्ररेषा संगणकात उतरवणं फारसं अवघड नाही. सर्किटची समीकरणं मांडायची आणि डिजिटल आवाजाच्या प्रत्येक नमुन्यासाठी, म्हणजे सेकंदाला ४४,१०० वेळा, सोडवायची. घोडं अडतं ते व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मरपाशी. ते आवाज किंचित बिघडवतात आणि त्यातून नवे हार्मोनिक, म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट-तिप्पट हर्ट्झचे वरचे सूर, निघतात. ९,००० हर्ट्झच्या सुराचा तिसरा हार्मोनिक २७,०००चा. खऱ्या डब्यातून तो निघाला तरी कानाला कळत नाही. संगणकात मात्र ४४,१००च्या निम्म्यापलीकडचं काही मावत नाही, त्यामुळे तो दुमडून १७,१००वर येऊन बसतो. मूळ सुराशी त्याचं काही नातं नसतं, म्हणून तो बेसूर. चांगली प्लगइन आतल्या आत चौपट किंवा आठपट वेगाने गणित करतात आणि नको ते गाळून मग आवाज बाहेर सोडतात.

काही प्लगइनमध्ये तर विजेच्या घरघरीचाही खटका असतो, अमेरिकेची ६० हर्ट्झची की आपली ५०ची. लष्करातल्या जुन्या वायरिंगमध्ये ही घरघर फुकट मिळते!

माझं मत विचाराल तर ख्यालाला वक्ररेषाच पुरते. व्हॉल्व्हची ऊब एकट्या बास गिटारवर छान वाटते. जवारी (तारेला झणकार देणारी घोडीवरची जुळवणी) लावलेल्या तानपुऱ्यात हार्मोनिकची आधीच इतकी दाटी असते, की त्यात आणखी भर घातली तर तार खरखरीत ऐकू येते.