शस्त्रक्रियेनंतरचे वेदनानियंत्रण : नियमांची अंमलबजावणी

शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाची वेदना ठरावीक वेळाने मोजणे, नोंदणे आणि क्रमाने कमी करणे यासाठी आखलेली मार्गदर्शक तत्त्वे वॉर्डच्या रोजच्या कामात उतरवण्याची पद्धत. इंग्लंडमध्ये शल्यचिकित्सक व भूलतज्ज्ञ यांच्या कॉलेजांनी (म्हणजे व्यावसायिक संस्थांनी) १९९० च्या संयुक्त अहवालात रुग्णालयांत स्वतंत्र ‘तीव्र वेदना सेवा’, म्हणजे शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेकडे पाहणारी यंत्रणा, असावी अशी शिफारस केली. १९९२ मध्ये अमेरिकेच्या सरकारी संस्थेने अशी तत्त्वे प्रसिद्ध केली. तरीही केसपेपरवर ‘दुखल्यास द्यावे’ एवढेच लिहिलेले आजही दिसते आणि खरी अडचण तिथेच आहे. रात्री रुग्ण निमूटपणे सोसतो, सोबतचा नातेवाईक सिस्टरना शोधतो, आणि इंजेक्शन मिळेपर्यंत कळ शिगेला पोहोचलेली असते.

म्हणून पहिला बदल वेळापत्रकाचा. काही मनाई नसेल, तर पॅरासिटामॉल घड्याळाप्रमाणे. मूत्रपिंड व जठर पाहून दाहशामक गोळी. शक्य तेथे नस बधिर करणारे इंजेक्शन. मॉर्फिनसारखे अफूवर्गीय औषध यांना पूरक म्हणून, लागेल तेवढेच.

दुसरा बदल मोजण्याचा. शून्य ते दहा ही पट्टी सर्वत्र वापरतात, पण स्वस्थ पडलेला रुग्ण ‘दोन’ सांगतो आणि खोकताना तोच ‘सात’वर जातो. खोकला दाबला की कफ साठतो, म्हणून हालचालीच्या वेळचा आकडा जास्त महत्त्वाचा. आकडा न सुचणाऱ्याला ठणका आहे, सणक येते की ओढ बसते, हे त्याच्याच शब्दांत विचारावे.

हे काम डॉक्टरांच्या फेरीवर सोडून भागत नाही. स्वीडनमधील ऑरेब्रू येथे भूलतज्ज्ञ नरिंदर रावल यांनी वॉर्डमधील परिचारिकांच्या बळावर अशी सेवा उभारली. परिचारिका वेदना मोजून नाडी-तापाच्या तक्त्यावरच मांडत आणि आकडा तीनच्या वर गेला की उपचार करत. कमी खर्चाची ही रचना आपल्याकडच्या गर्दीच्या रुग्णालयांना अधिक मानवणारी आहे.

आकड्याचाच हट्ट मात्र घातक ठरतो. अमेरिकेत वेदनेला नाडी, ताप, श्वास व रक्तदाब यांच्या बरोबरीचे ‘पाचवे लक्षण’ ठरवल्यानंतर अफूवर्गीय औषधांचा अतिरेक वाढण्यास हातभार लागला, अशी टीका झाली. आता गुंगी आणि श्वासाचा वेग सोबत नोंदवतात. रुग्ण खोकू, बसू, चालू शकतो का, हेही पाहतात.

भारतात १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे मॉर्फिन ठेवणे अनेक परवान्यांत अडकले होते. २०१४ च्या दुरुस्तीने अत्यावश्यक अमली औषधांसाठी देशभर एकसारख्या नियमांची वाट मोकळी केली. कुलूपबंद कपाट आणि नोंदवही अर्थातच कायम आहेत. रात्रपाळीत किल्ली कोणाकडे, हे आधी ठरलेले असावे.

घरी सोडताना गोळ्यांच्या वेळा, त्या कधी थांबवायच्या आणि तीन महिन्यांनंतरही जखमेच्या जागी दुखत राहिले तर कोणाला भेटायचे, हे डिस्चार्ज कार्डावर मराठीत लिहून द्यावे.