जीएसटी नोंदणी: ठाणे-नवी मुंबईत अर्ज पत्त्यावरच का अडतो

फराळ, मसाले, कुर्ते, मोबाईलची कव्हरं, लॅपटॉप दुरुस्ती, छोट्या कंपन्यांच्या वेबसाइट बनवून देणं. घरातून किंवा एका गाळ्यातून असे धंदे करणारे लोक ठाण्यात आणि नवी मुंबईत गल्लोगल्ली आहेत. ऑनलाइन विकायचं ठरलं, किंवा एखाद्या कंपनीने "बिलावर जीएसटी नंबर पाहिजे" असं सांगितलं, की धावपळ सुरू होते. अर्ज भरणं अवघड नाही. अडतं ते धंद्याच्या पत्त्याच्या कागदावर. परत आलेले जे अर्ज माझ्यासमोर येतात, त्यांतले बहुतेक याच एका रकान्यामुळे परत आलेले असतात. म्हणून इथे बाकीच्या पायऱ्या थोडक्यात सांगते आणि पत्त्यावर जास्त बोलते.

आधी नंबर लागतो का ते बघा

महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर गेली की नोंदणी सक्तीची होते (काही मोजके जिन्नस सोडून). सेवा देणाऱ्यासाठी ही मर्यादा २० लाख आहे. राज्याबाहेर माल पाठवायचा असेल तर साधारणपणे मर्यादेची सवलत मिळत नाही, पहिल्या विक्रीपासूनच नोंदणी लागते. सेवेचं तसं नाही. ऐरोलीत बसून बंगळुरूच्या ग्राहकाचं काम केलं तरी २० लाखांपर्यंत सूट कायम राहते.

ऑनलाइन मंचावर विकायचं म्हणजे जीएसटी लागणारच, असं अजूनही सर्रास सांगितलं जातं. १ ऑक्टोबर २०२३ पासून हे पूर्ण खरं नाही. मर्यादेच्या आतला विक्रेता फक्त महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकणार असेल, तर जीएसटी पोर्टलवर पॅनच्या आधारे नावनोंदणी क्रमांक घेऊन तो मंचावर विकू शकतो. त्याला महिन्याची विवरणपत्रं भरावी लागत नाहीत. घरून चिवडा-चकल्या विकणाऱ्या ताईंना अनेकदा एवढंच पुरतं, आणि ही सोय त्यांना कोणी सांगत नाही याचं वाईट वाटतं.

ऐच्छिक नोंदणी घ्यावी का, हा प्रश्न धंद्याचा आहे. तुमचे ग्राहक कंपन्या असतील, म्हणजे वागळे इस्टेटमधला कारखाना किंवा महापेतलं ऑफिस, तर त्यांना तुमच्या बिलावरच्या कराची वजावट मिळते आणि नंबर असलेला पुरवठादारच त्यांना परवडतो. अशा वेळी घ्या. ग्राहक घरगुती असतील तर कर तुमच्या किमतीवर चढतो आणि पदरात काही पडत नाही. त्यातून नोंदणी सक्तीची झालीच, तर दीड कोटींच्या आत उलाढाल असलेल्या दुकानदाराला कंपोझिशन योजना, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्क्याने कर भरायची सोपी पद्धत, घेता येते. व्यापाऱ्याला उलाढालीवर १ टक्का भरावा लागतो, पण राज्याबाहेर माल विकता येत नाही. एकदा नंबर घेतला की विक्री शून्य असली तरी विवरणपत्र भरावंच लागतं. शून्य विवरणपत्राला उशीर झाला तर रोजचे २० रुपये लागतात, आणि ते वर्षभर साठले की माणूस पोर्टल उघडायलाच घाबरतो.

पत्ता

पॅन, आधार, फोटो हे कागद सगळ्यांकडे असतात. बँक खात्याचा तपशील नोंदणीनंतर दिला तरी चालतो. खरा प्रश्न धंद्याच्या जागेचा, आणि तिथे तुम्ही चारपैकी एका परिस्थितीत असता.

जागा स्वतःच्या नावावर असेल तर मालमत्ता कराची ताजी पावती किंवा वीजबिल, यांपैकी एक कागद पुरतो. दोन्ही लागत नाहीत.

जागा भाड्याची असेल तर भाडेकरार आणि मालकाच्या मालकीचा एक कागद, म्हणजे त्याची घरपट्टीची पावती किंवा लाइट बिल. आपल्याकडे घरभाड्याचा करार लिव्ह अँड लायसन्सचा असतो आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे तो नोंदवायलाच हवा. करार नोंदवलेला असेल तर मालकाचं पॅन किंवा आधार वेगळं मागायचं कारण नाही. नुसताच स्टँप पेपरवर केलेला असेल तर मालकाच्या ओळखीचा एक पुरावा जोडावा लागतो. मालक आधार द्यायला का-कू करतो आणि अर्ज तिथेच थांबतो. म्हणून करार नोंदवून घ्या. त्यात जागा "फक्त राहण्यासाठी" असं कलम असेल तर आधी मालकाशी बोला आणि घरून व्यवसाय करायला त्याची हरकत नाही हे लेखी घ्या. पुढे घरी चौकशीला कोणी आलं आणि मालकाने कानावर हात ठेवले, तर तुमची बाजू लंगडी पडते.

जागा वडिलांची, नवऱ्याची किंवा सासऱ्यांची असेल तर साध्या कागदावर त्यांचं संमतीपत्र, त्यांच्या ओळखीचा पुरावा आणि त्यांच्या मालकीचा एक कागद. पाचशेच्या स्टँप पेपरची इथे गरज नाही, तरी तो घ्यायला लावणारे पुष्कळ भेटतात.

चौथी परिस्थिती सगळ्यांत जास्त लोकांची, आणि तिचं उत्तर कोणी धड देत नाही. घर गावठाणात, घणसोलीत किंवा कोपरीत, आजोबांनी बांधलेलं. सातबारा सामाईक, खरेदीखत नाही, वीजबिल आजोबांच्या नावावर आणि आजोबा आता नाहीत. संमतीपत्र द्यायला हयात मालकच नाही, म्हणून अर्ज परत येतो. अशा घराला सहसा महापालिकेची घरपट्टी लागू असते, आणि वाट तिथूनच निघते. घरपट्टीला वारसाचं नाव लावून घ्या किंवा महावितरणमध्ये वीजजोडणीचं नाव बदलून घ्या. वीजबिलावरचं नाव बदलल्याने घर कोणाच्या मालकीचं होत नाही, त्यामुळे भावंडांना आधी समजावून सांगा. त्यावरून घरात वाद पेटलेले पाहिले आहेत. बिल तुमच्या नावावर असेल पण करार कुठलाच नसेल, तर नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र आणि ते बिल, यावरही अर्ज करता येतो. एक मात्र करा: हे काम अर्जाच्या आधी हातात घ्या. नाव बदलायला वेळ लागतो आणि अर्जाचं घड्याळ तोवर थांबत नाही.

सोसायटीच्या ना हरकत दाखल्याबद्दलही विचारतात. अर्जाच्या कागदांच्या यादीत तो नाही. घरी गिऱ्हाइकांची ये-जा होणार असेल तर सोसायटीशी बोलून घेणं चांगलंच, पण नोंदणीसाठी सेक्रेटरींच्या सहीमागे महिनाभर फिरू नका.

अधिकाऱ्याने यादीबाहेरचं काही मागितलं तर काय, यावर केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने १७ एप्रिल २०२५ रोजी सूचना क्रमांक ०३/२०२५ काढली आहे. यादीबाहेरचे कागद मागू नका, मालकीचा एक पुरावा आला की दुसरा मागू नका, अर्जदार दुसऱ्या शहरात राहतो असल्या अंदाजांवरून शंका काढू नका, असं तिच्यात स्पष्ट लिहिलं आहे. ही सूचना केंद्राच्या अधिकाऱ्यांसाठी आहे. पण तुमचा अर्ज राज्याच्या अधिकाऱ्याकडे गेला तरी अर्जाच्या नमुन्यातली कागदांची यादी तीच असते. उत्तरात नम्रपणे तिचा हवाला द्या. एवढी स्पष्ट सूचना असताना लोकांना चार-चार कागद गोळा करत फिरावं लागतं, हे मला पटत नाही.

आता पत्ता लिहिण्याबद्दल. करारात, वीजबिलावर आणि अर्जात तो अक्षरशः एकसारखा हवा. सिडकोच्या पत्त्यांत सेक्टर, प्लॉट, रो हाऊस यांचा क्रम प्रत्येक कागदावर निराळा असतो, म्हणून जोडलेल्या पुराव्यावर जसा आहे तसाच उतरवा. जिल्हा नीट निवडा. वाशी, नेरूळ, बेलापूर, कोपरखैरणे ठाणे जिल्ह्यात येतात. खारघर, कामोठे, कळंबोली रायगडमध्ये. "नवी मुंबई" हे नाव दोन्हीकडे चालतं, त्यामुळे खारघरचे लोक हमखास ठाणे निवडतात.

मोबाइल आणि ईमेल स्वतःचाच

हे कळकळीने सांगते. अर्ज भरून देणारा एजंट बऱ्याचदा स्वतःचा मोबाइल आणि ईमेल टाकतो. मग त्रुटीची नोटीस त्याच्याकडे जाते, तो कामात असतो, आणि तुम्हाला कळतं ते अर्ज फेटाळल्यावर. सीए किंवा सल्लागाराकडून अर्ज जरूर भरून घ्या, पण संपर्क तुमचाच द्या. शिवाय आधारला जोडलेला मोबाइल चालू असला पाहिजे, कारण आधार प्रमाणीकरणाचा ओटीपी त्याच्यावर येतो. पॅन आणि आधारवरचं नाव जुळतं का तेही बघा. लग्नानंतर एकावर नाव बदललं आणि दुसऱ्यावर राहिलं, अशा बायकांचे अर्ज पहिल्याच पायरीवर अडकतात.

काहींना ओटीपीऐवजी बोटांच्या ठशांसाठी जीएसटी सुविधा केंद्रात यायला सांगितलं जातं. ही शिक्षा नाही, पोर्टल जोखमीच्या निकषावर निवड करतं. मूळ कागद घेऊन १५ दिवसांच्या आत जा, नाहीतर अर्जाचा क्रमांकच तयार होत नाही.

सात दिवस कोणाचे

इथे दोन वेगळ्या मुदती आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. आधार प्रमाणीकरण झालेल्या अर्जावर अधिकाऱ्याने ७ कामकाजाच्या दिवसांत निर्णय द्यायचा असतो. जागेची पाहणी ठरली किंवा आधार दिलं नाही, तर ३० दिवस. अधिकाऱ्याने त्रुटी काढली की आरईजी-०३ नमुन्यात नोटीस येते. त्यावर आरईजी-०४ मध्ये उत्तर द्यायला तुम्हालाही ७ कामकाजाचे दिवस मिळतात, आणि ते नोटीस मिळाल्यापासून धरतात, तुम्ही ती उघडल्यापासून नाही. म्हणून अर्ज केल्यावर रोज पोर्टलवर अर्जाची स्थिती बघा. ईमेल स्पॅममध्येही जातो.

उत्तर देताना नुसतं "कागद जोडला आहे" लिहू नका. नोटिशीत विचारलेल्या प्रत्येक मुद्द्याला त्याच क्रमाने उत्तर द्या. जुनाच धूसर स्कॅन पुन्हा टाकला की अर्ज फेटाळला जातो. फेटाळला तरी नवा अर्ज करता येतो, पण आधीची त्रुटी दुरुस्त करूनच.

१ नोव्हेंबर २०२५ पासून छोट्यांसाठी एक सोपी वाटही आहे. नोंदणीकृत ग्राहकांना केलेल्या विक्रीवरचा तुमचा कर महिन्याला अडीच लाखांच्या आत राहणार असेल, तर नियम १४अ चा पर्याय निवडता येतो आणि आधार पडताळणी झाली की ३ कामकाजाच्या दिवसांत नंबर मिळतो. छोट्या धंद्याला ही मर्यादा भरपूर आहे. ती ओलांडणार असाल तर आधी या पर्यायातून रीतसर बाहेर पडावं लागतं.

या कुठल्याही टप्प्यावर सरकारी फी नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या-मध्यम उद्योगांची सरकारी नोंद, तीही फुकट आहे, तरी "प्रोसेसिंग चार्ज" घेणाऱ्या, हुबेहूब सरकारी दिसणाऱ्या साइट शोधात सगळ्यांत वर येतात. पत्त्याच्या शेवटी "गव्ह डॉट इन" आहे का ते बघून मगच आधार क्रमांक टाका. कंपन्यांना माल बनवून देणाऱ्यांनी किंवा सेवा पुरवणाऱ्यांनी उद्यम नोंदणी पहिलं बिल फाडण्याआधीच करावी. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्याने ४५ दिवसांत पैसे मिळण्याचं जे संरक्षण आहे ते मागताना हाच कागद पुढे करायचा असतो. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना मात्र ते संरक्षण मिळत नाही. त्यांना उद्यमचा उपयोग बँकेच्या कर्जापुरता.

नंबर मिळाल्यावर तो दुकानाच्या पाटीवर लिहायचा आणि प्रमाणपत्र दर्शनी भागात लावायचं. पाटी मराठीत, देवनागरीत हवीच, कामगार एकही नसला तरी. आणि ३० दिवसांच्या आत, किंवा विक्रीचं पहिलं जीएसटीआर-१ भरण्याआधी, यांतलं जे लवकर येईल तेव्हा, बँक खातं पोर्टलवर जोडा. ते राहिलं तर नोंदणी निलंबित होते. पुढे ती रद्द झालीच, तर आदेश मिळाल्यापासून ९० दिवसांत ती पुन्हा चालू करण्याचा अर्ज करता येतो. थकलेली विवरणपत्रं आणि विलंब शुल्क त्याआधी भरावं लागतं.