लिंबू-सोड्यानं टाचा भरतात?

चतुर्थी जवळ आली की घरोघरी एकच सल्ला फिरतो: लिंबाच्या फोडीवर खायचा सोडा घालून टाचा घासा, मळ निघतो, भेगा भरतात. भेगा भरत नाहीत, चरचरतात तेवढ्या. फसफसतं ना, तो नुसता कार्बन डायऑक्साइड. मळाशी त्याचं काही देणंघेणं नाही. त्वचेचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) साधारण ५, लिंबाच्या रसाचा २च्या आसपास, सोड्याच्या पाण्याचा ८च्या वर. त्वचेला दोन्ही मानवत नाहीत. त्यातून लिंबू लावलेले पाय घेऊन उन्हात गेलात (आणि गोव्याचं ऊन!) तर रसातल्या फ्युरानोकुमारिन या उन्हात त्वचा भाजणाऱ्या द्रव्यामुळे फोड येऊ शकतात, काळे डाग महिनोन्‌महिने राहतात.

भेग पडते ती जाड कातडं कोरडं होऊन ताणल्यामुळे. त्याला हवा ओलावा. १० मिनिटं कोमट पाण्यात पाय, वजरीनं हलकेच घासणं, पुसून लगेच कोकमतेल. भिरंडाच्या (कोकमाच्या फळाच्या) बियांचं हे तेल घट्ट गोळ्यासारखं असतं, ४० अंशांजवळ वितळतं. पातळ करून कोमट झालं की भेगांत भरायचं, मोजे चढवून झोपायचं. माझी आजी एवढंच करायची, लिंबू सरबताला ठेवायची. मधुमेह असेल तर मात्र वजरी नको, आधी डॉक्टरांना पाय दाखवा.