परमवीर चक्र केवळ मरणोत्तर मिळते का?

परमवीर चक्र केवळ वीरमरण आलेल्या सैनिकालाच दिले जाते, हा वर्षानुवर्षे सांगितला जाणारा समज चुकीचा आहे. आजवरच्या 21 मानकऱ्यांपैकी 14 जणांना ते मरणोत्तर मिळाले, तर सात जणांना हयातीत; त्यांत लान्स नायक करम सिंग आणि रायफलमन संजय कुमार हे साधे जवानही आहेत. कारवारजवळच्या चेंडिया गावचे रामा राघोबा राणे तर शिपाई म्हणून भरती होऊन अधिकारी झालेले. एप्रिल 1948 मध्ये राजौरीच्या वाटेवर सुरुंग काढताना जखमी होऊनही ते रणगाड्याखाली सरपटत राहिले आणि दोरीने चालकाला इशारे देत त्यांनी रणगाडा सुखरूप पुढे नेला. ते 1994 पर्यंत आपल्यात होते, हे आवर्जून सांगायला हवे.