कंपायलर आत डोकावत नाही

एखाद्या कामाला प्रोसेसरला किती वेळ लागतो ते मोजायचंय. इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरांत त्यासाठी 'आरडीटीएससी' ही सूचना असते. ती दिली की आतल्या काउंटरचा त्या क्षणीचा आकडा हातात येतो. कामाआधी एकदा वाचायचा, नंतर एकदा वाचायचा आणि वजाबाकी करायची. उत्तर येतं शून्य. पुन्हा करून बघावं, तरी शून्यच.

प्रोसेसर बिघडलेला नसतो. सी भाषेच्या मधोमध लिहिलेली यंत्रसूचना, म्हणजे इनलाइन असेम्ब्ली, कंपायलर (सीचा कोड यंत्रसूचनांत बदलणारा प्रोग्राम) समजून घेतच नाही. जीसीसी या कंपायलरच्या लेखी तो अवतरणचिन्हांतला मजकूर, पुढे असेम्ब्लरकडे, म्हणजे सूचनांचे आकडे करणाऱ्या प्रोग्रामकडे, ढकलून द्यायचा. त्याची सगळी मदार असते ती मजकुरानंतर कोलन देऊन लिहिलेल्या यादीवर: आत काय जातं, बाहेर काय येतं, आणखी कशाला धक्का लागतो. दोन्ही वेळी मजकूर तोच, यादीही तीच, मग तेच काम दोनदा कशाला? पहिलं उत्तर तो दुसऱ्या जागीही वापरून टाकतो. 'हे दरवेळी नव्याने कर' असं सांगणारा 'व्होलटाइल' हा एक शब्द लिहिणारा विसरलेला असतो.

याच सूचनेतली दुसरी चूक जास्त लबाड आहे. काउंटर ६४ बिटांचा. खालचे ३२ बिट ईएएक्स या रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यात, येतात, वरचे ३२ ईडीएक्समध्ये. यादीत मोठ्या लिपीतलं 'ए' लिहिलं की ३२ बिटी प्रोसेसरवर त्याचा अर्थ 'दोघांची जोडी', ६४ बिटीवर मात्र 'दोघांपैकी कुठलंही एक'. कंपायलर हूं की चूं करत नाही. खालचाच अर्धा भाग हाती आला, तर ३ गिगाहर्ट्झचा काउंटर दर १.४ सेकंदांनी पुन्हा शून्यापासून सुरू झाल्यासारखा दिसतो. छोट्या चाचणीत हे कुणाच्या लक्षात येणार?

कंपायलरची ही काम वाचवण्याची हुशारी, म्हणजे ऑप्टिमायझेशन, बंदच करू म्हणाल, तर लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, त्याशिवाय बांधलाच जात नाही.

खरी पंचाईत कुलपांपाशी होते. दोन प्रोसेसरांनी एकाच वेळी एका माहितीला हात लावू नये म्हणून कर्नलमध्ये स्पिनलॉक नावाची कुलपं असतात आणि त्यांच्या गाभ्यात असेम्ब्ली. यादीत 'मेमरी' लिहायचं राहिलं, तर कंपायलरच्या मते मेमरीत काहीच बदललेलं नाही. कुलूप लावण्याआधी रजिस्टरमध्ये घेतलेली शिळी किंमतच तो कुलपाच्या आत वापरत राहतो.

म्हणून लिनक्समध्ये 'बॅरियर' नावाचा मॅक्रो, म्हणजे कोडच्या तुकड्याला दिलेलं नाव, आहे. त्यातला असेम्ब्लीचा मजकूर पूर्ण रिकामा, यादीत फक्त 'मेमरी'. मला ही सगळ्या कर्नलमधली सर्वात गमतीदार ओळ वाटते. (प्रोसेसर स्वतः जी क्रमाची उलटापालट करतो ती याने थांबत नाही, त्याला वेगळ्या सूचना लागतात.)

या रिकामेपणालाही दुरुस्ती लागली. गुप्त किल्ली वापरून झाली की तिची जागा शून्यांनी पुसायची असते. पण नंतर ती जागा कुणी वाचणारच नसेल, तर कंपायलर ते पुसणं फालतू समजून उडवतो. २०१४ मध्ये लिनक्समध्ये 'मेमझिरो एक्सप्लिसिट' हे फंक्शन आलं ते यासाठीच. पण पुढे त्यातला साधा 'बॅरियर' क्लँग या दुसऱ्या कंपायलरपुढे टिकेना: या स्थानिक जागेचा पत्ता बाहेर कुणाला दिलेलाच नाही, मग 'मेमरी' म्हटलं तरी तिला कोण हात लावणार, असा त्याचा हिशेब. २०१५ मध्ये त्या रिकाम्या मजकुराला पुसलेल्या जागेचा पत्ता हातात देण्यात आला. तो त्या पत्त्याचं काहीही करत नाही. पण कंपायलर आत डोकावत नसल्यामुळे त्याला ते कळत नाही, आणि किल्ली पुसली जाते.